तेरा दिवस मागचा पेपर

मी त्या गावात बदलून गेलो आणि पहिल्या पाच मिनिटांत घरमालकाचा परवाचा दिवस फुकट घालवला.

झालं असं. मालवणपासून तासाभरावर, खाडीच्या कडेला असलेल्या गावच्या शाळेत माझी मास्तर म्हणून नेमणूक झाली होती. लग्न नुकतंच झालेलं. बायकोला कुडाळला ठेवून मी एकटाच खोली बघायला गेलो. दाखवलेल्या घराच्या ओटीवर एक गृहस्थ मोठ्याने पेपर वाचत बसले होते. समोर ऐकायला कोणी नव्हतं. बातमी होती रशियाने आकाशात सोडलेल्या गोळ्याची. नवा मास्तर अडाणी नाही, हे मालकांना पहिल्याच भेटीत कळावं म्हणून मी म्हणालो, "आता तर त्यांनी कुत्री पाठवली वर. वाचलंत ना?"

गृहस्थांनी पेपर मांडीवर ठेवला, चष्मा काढला आणि विचारलं, "खंय वाचलास?"

"येताना कुडाळात. नवा पेपर आला होता."

"हय पेपर दोन दिवसांनी येता. म्हणजे तुमची ही कुत्री माझ्याकडे परवा येवची. ती तुमी माका आजच दाखवलास. आता परवा मी काय करू?"

ह्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला ट्रेनिंगात शिकवलं नव्हतं. खोली मात्र मिळाली. मला वाटतं, असला माणूस गावात मोकळा सोडण्यापेक्षा नजरेसमोर बरा, असा त्यांनी विचार केला असावा. तिसऱ्या दिवशी त्यांनी कुत्रीची बातमी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "इली तुमची कुत्री."

गाव त्यांना तात्या म्हणायचं. मी मालक म्हणायचो. माडा-पोफळीची बाग होती, दोन वेळचं जेवण घरचं होतं, आणि बाकीचा वेळ ते जगाला देत. पेपर वाचण्याची त्यांची रीत ठरलेली. वरची तारीख आणि किंमत इथून सुरुवात, आणि शेवटच्या पानावर तळाला छापखान्याचा पत्ता असतो तिथे शेवट. मधलं काही गाळायचं नाही. बाळंतकाढ्याची जाहिरातसुद्धा ते परराष्ट्र धोरणाच्याच आवाजात वाचत. एका दिवसात एकच पेपर. पावसाळ्यात एकदा रस्ता खचला आणि चार दिवसांचा गठ्ठा एकदम आला, तेव्हा मी म्हटलं, "आता बसा निवांत वाचत." तर म्हणाले, "मास्तरानू, तुमी चार दिवसांचा जेवाण एकदम जेवतास?" गठ्ठ्यातला एक पेपर ओढून घेतला आणि बाकीचे फळीवर ठेवले. पुढे माझ्या लक्षात आलं की, असा माणूस एकदा मागे पडला की तो जगाला पुन्हा कधीच गाठू शकत नाही. त्या खेपेला मात्र पुढे चार दिवस संपामुळे पेपरच निघाला नाही. जग थांबलं आणि मालकांनी त्याला गाठलं. तो संप आपल्या सोयीसाठी झाला असं त्यांचं मत होतं.

देशांकडे ते भाऊबंदांसारखं बघायचे. रशिया आणि अमेरिका म्हणजे एका विहिरीवर दोन रहाट. इंग्लंड म्हणजे पूर्वी खोत होतं, आता पडवीत राहतं. आणि जगातला कोणीही मोठा माणूस वारल्याचं वाचलं की ते पेपर बाजूला ठेवून विहिरीवर जात आणि डोक्यावरून दोन कळशा पाणी घेऊन येत. एकदा एकाच आठवड्यात तीन देशांचे मोठे लोक गेले, तेव्हा मालकांना ताप आला.

ह्या सगळ्या जगातून एकच बातमी त्या घराला हवी होती.

मालकांची एकुलती मुलगी गोव्यात दिलेली, पेडण्याला. लग्न झालं तेव्हा ते शेजारच्या तालुक्यात दिल्यासारखंच होतं. वर्षभरात पोर्तुगीजांच्या गोव्याची हद्द बंद झाली. जाणं बंद, येणं बंद, पत्रं बंद. कधी एखादा तांडेल बंदरावर निरोप ठेवून जायचा की, बरी आहे, मुलगी झाली. बस्स. मालक ओटीवर छापखान्याच्या पत्त्यापर्यंत पोचले की आतून मालकीणबाई विचारत, "पेडण्याचा काय इला?"

"नाय."

मग चुलीवरचं भांडं उतरवल्याचा आवाज यायचा. बर्लिन, कैरो, पेकिंग सगळं जग त्या बाईने आतून ऐकलेलं असायचं आणि तिचा प्रश्न एवढाच.

मी तिथे गेल्याला दोन वर्षं होत आली असतील, श्रावणात मालकीणबाई गेल्या. पाच दिवसांच्या तापाचं निमित्त. मालकांनी मुलीला तीन वाटांनी कळवलं. एका गलबतवाल्याजवळ निरोप दिला, मुंबईच्या भाच्याला लिहून तिथून पत्र टाकायला लावलं आणि हद्दीवरच्या रानातून चोरवाटेने सुपारी नेणाऱ्या एका माणसाला गाठून सांगितलं. तिघांपैकी कोणाकडूनही उत्तर आलं नाही. निरोप पोचला की वाटेत बुडाला, कळायला मार्ग नव्हता.

सुतकाचे तेरा दिवस मालकांनी पेपर उघडला नाही. चौदाव्या दिवशी त्यांनी पहिल्या दिवसाचा पेपर घेतला आणि पुन्हा रोज एक ह्या हिशेबाने सुरुवात केली. ह्या वेळी जग थांबलं नाही. तेव्हापासून मालक गावाच्या तेरा दिवस मागे राहू लागले. गावानेही ते सांभाळून घेतलं. त्यांच्यासमोर कोणी ताजी बातमी बोलायचं नाही. नवीन माणूस आला की त्याला वाटेतच गाठून सांगून ठेवायचे. वाचून झालं की मालक पेपराची घडी घालत, आतल्या अंधाराकडे तोंड करत आणि म्हणत, "नाय." कोणी विचारलेलं नसायचं.

तोवर बायकोही माझ्याकडे राहायला आली होती. ती एकदा हळूच म्हणाली, "पोरग्येक ठावक नसात तर तिच्यासाठी आवस आजून जिती आसा."

मी म्हटलं, "आईबद्दल असं बोलू नये."

आता गाऱ्हाण्याचं सांगतो. आमच्याकडे देवासमोर गावाच्या वतीने एकाने बोलायचं आणि एकेका वाक्यावर बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या गावात बोलण्याचा मान मालकांच्या घराण्याचा. इतर गावांत पाऊसपाणी, गुरंढोरं, मुंबईकर चाकरमानी एवढ्यावर गाऱ्हाणं आटपतं. आमच्या जत्रेला मालक देवाला सबंध वर्षाच्या जगाच्या बातम्या सांगत. त्यांचं म्हणणं, "देव एका जाग्यार बसून आसा. तेका कोण सांगतलो? पेपर तेच्याकडे येता काय?" बातमी फक्त छापून आलेली आणि स्वतः वाचलेली. ऐकीव माहिती देवाला द्यायची नाही. आणि दरवर्षी एक गोष्ट ते वगळत. गोव्याचं नाव घेत नसत. मानकऱ्यांनी एकदा सुचवलं, "तात्यानू, चेडवाचा घाला की." त्यावर ते म्हणाले, "गावाच्या गाऱ्हाण्यात माझ्या घरचा कित्याक?"

ज्या सालाची गोष्ट मी सांगतोय, त्या सालची जत्रा मार्गशीर्षात होती. जत्रेच्या आदल्या दिवशी शाळेच्या रेडिओवर बातमी आली की आपलं सैन्य गोव्यात शिरलं आणि पणजीवर आपला झेंडा लागला. गावात काय झालं ते लिहीत बसत नाही. मी मुलांना साखर वाटली आणि प्रभातफेरी काढली. काढायला सकाळ उरली नव्हती म्हणून ती दुपारी काढली आणि मालकांचं घर टाळून खाडीच्या वाटेने नेली. कारण मालकांच्या ओटीवर अजून आदल्या पंधरवड्याचा पेपर चालू होता. तरी एक पोर साखर खात ओटीसमोरच्या खळ्यातून गेलंच.

"साखर कसली ओ मास्तरानू?" मालकांनी विचारलं.

"माझा वाढदिवस," मी म्हणालो.

त्यांनी आत जाऊन एक नारळ आणला आणि माझ्या हातावर ठेवला. "शंभर वर्सा जगा," म्हणाले.

बायकोने नारळ बघितला आणि विचारलं, "ह्यो कित्याक?" मी खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "तेंका काय कान नाय? रेडिओ अर्ध्या गावात ऐकाक येता."

ते मलाही कळत होतं. त्यांना कळलंय हे गावाला ठाऊक होतं, आणि गावाला ते ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण गोव्यावरचं पोर्तुगीजांचं राज्य तेव्हा जगात एकाच ओटीवर शिल्लक होतं आणि तिथे भाडेकरू म्हणून मी राहत होतो. केवढा हा हट्ट, म्हणून मी मनातल्या मनात त्यांच्यावर चिडलो. रोज दोन पेपर वाचले असते तर काय बिघडलं असतं?

जत्रेला सगळा गाव देवळात. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "तात्यानू, अष्टग्रही घाला! जग बुडतला म्हणतत." येत्या माघाच्या आत आठ ग्रह एका राशीत येणार आणि प्रलय होणार, ह्या धास्तीने तेव्हा माणसांची झोप उडाली होती.

"ती फुडच्या सालातली बातमी," मालक म्हणाले. "होवक नाय ती देवाक कशी सांगू? बुडाला तर फुडच्या वर्सा घालूया."

मग डोक्याला टॉवेल गुंडाळून, हात जोडून ते उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या सालात इंग्लंडची राणी आपल्या मुलखात इली. हत्तीर बसली, लोकांक हात दाखवल्यान आणि परत गेली. ह्या खेपेक ऱ्हवली नाय. ता बरा झाला."

"होय म्हाराजा!"

"रशियाचो एक माणूस आकाशात चढलो आणि अख्ख्या पृथ्वीक प्रदक्षिणा घालून खाली इलो. आपली मालवणची गाडी कसालाक पोचता तेवढ्या वेळात. इतको वर येवन तुका भेटाक नाय, तेचो राग धरू नको. घाईत होतो."

"होय म्हाराजा!"

"पुण्याक धरण फुटला. माणसां गेली, घरां गेली, चुलीसकट संसार व्हावान गेले. त्या अंगाक तुझ्या वळखीचो कोण देव आसात तर तेका निरोप धाड आणि पडलेल्यांक उभो करूक सांग."

"होय म्हाराजा!"

"जर्मनीत भावाभावात एका रातीत गडगो घातल्यानी. मोजणी केली नाय, पंच बोलवले नाय. सकाळी उठून बघतत तर बहीण ह्या अंगाक आणि भाऊ त्या अंगाक. आवस ह्या अंगाक आणि..."

इथे मालक थांबले. तोंड उघडंच होतं पण आवाज येईना. सगळं देऊळ त्यांच्याकडे बघत होतं. पुढचं वाक्य कुठलं यायला हवं ते लहान पोरालाही ठाऊक होतं, आणि ते त्यांच्या पेपरात अजून छापून आलेलं नव्हतं. तेवढ्यात, मालकांनी काही म्हटलं असं वाटून, किंवा म्हणावं असं वाटून, मागच्या कोपऱ्यातून दोन-चार जणांनी "होय म्हाराजा!" म्हटलं, आणि त्यांच्या पाठोपाठ सगळ्या गावाने मोठ्याने म्हटलं.

मग सगळे एकमेकांकडे बघू लागले. गाऱ्हाण्याआधीच होकार गेलेला. असं त्या देवळात कधी झालं नव्हतं. मी पुढे होऊन मास्तरपणाने म्हणालो, "चूक झाली, पुन्हा सुरुवात करू." पुजाऱ्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी होतो तिथे मागे जाऊन उभा राहिलो.

"तात्यानू," पुजारी म्हणाला, "होय देवाक पोचला. ता आता परत येवचा नाय. तुमका कायतरी घालूक होया."

मालकांनी टॉवेलाने तोंड पुसलं आणि पुन्हा हात जोडले. गाऱ्हाण्याचा वरचा सूर राहिला नव्हता. ओटीवर बोलत तसं बोलले.

"बा देवा म्हाराजा. सगळ्या जगाचा मी तुका सांगलंय. एका माणसाक एक बातमी सांगूची आसा. ती सांगूची येळ इली, तर माका तोंड दी."

"होय म्हाराजा," गाव हळू आवाजात म्हणाला. दोघी-तिघींनी पदर डोळ्यांना लावला. मी रोज दोन पेपरांचा हिशेब मनातल्या मनात मांडत होतो, तो तिथेच बंद केला. मालक इतकी वर्षं ज्या हद्दीकडे डोळे लावून बसले होते ती उघडल्यावर त्यांना काय करावं लागणार होतं, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर दहा-अकरा दिवसांनी, दुपारची शाळा सुटल्यावर मी ओटीच्या एका टोकाला मुलांच्या वह्या तपासत बसलो होतो. दुसऱ्या टोकाला मालक वाचत होते. त्यांच्या पेपरात आपलं सैन्य अजून हद्दीवर जमत होतं. खळ्यात एक बाई येऊन उभी राहिली. हातात दोन पिशव्या, आणि चार-पाच वर्षांची एक मुलगी पदराला धरून.

"बाबा, मी इलंय."

मालकांनी वर बघितलं. मग पेपरात बघितलं. मग पुन्हा वर बघितलं.

"कशी इलंस?"

"गाडयेन."

"कोणी आडवूक नाय?"

"आता कोण आडवतलो, बाबा?"

मालक उठले नाहीत. आमच्या दारातून बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, तिने मायलेकींच्या पायांवर पाणी घातलं आणि पिशव्या उचलून आत नेल्या. मालकांची मुलगी पायरीवर बापाच्या समोर बसली. मी जागचा हललो नाही. आता ती आत बघणार, आता विचारणार, एवढंच माझ्या मनात चाललं होतं. हातातल्या वहीत मी एका बरोबर गणिताला चूक दिली.

तिने विचारलं नाही. बापाकडे बघत बसली.

मालकांनी घसा साफ केला. "तू गेलंस त्या वर्सा," ते म्हणाले, "विहिरीकडचो माड पडलो."

"होय बाबा."

"तेच्या फुडच्या वर्सा वादळ झाला. पडवी उडाली. नवे नळे घातलंय."

"होय बाबा."

"मग हे मास्तर ऱ्हवाक इले. माणूस बरो आसा. बोलता जास्त."

"होय बाबा."

"तांबड्या गायीक पाडी झाली. तुझ्या काकाचा डोळ्याचा आपरेशन मिरजेक झाला. दिसता आता."

"होय बाबा."

"तेच्या फुडच्या वर्सा, श्रावणात..."

मालक थांबले. छोट्या मुलीने त्यांच्या मांडीवरचा पेपर ओढायला सुरुवात केली, आणि ज्या माणसाने कधी कोणाला आपल्या पेपराला हात लावू दिला नव्हता त्याने तो सोडून दिला.

"श्रावणात पाच दिवस ताप इलो. औषध केला. डाक्टर मालवणसून हाडलेलो. तुझी आवस गेली गो."

"होय बाबा," ती म्हणाली, आणि मग तिने बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. पुढचं मी वहीकडे बघून ऐकलं.

चार दिवसांनी मालकांच्या पेपरात गोवा मुक्त झाला. ती बातमी त्यांनी खणखणीत वाचली, घडी घातली, आणि आतून चुलीपाशी बसलेल्या लेकीने विचारलं, "काय इला, बाबा?" ते म्हणाले, "इला." गावाने दुसऱ्यांदा साखर खाल्ली. पण मला सांगायचंय ते लेक आली त्या संध्याकाळचं.

जेवणं आटपली होती. मी बायकोला समजावून सांगत होतो. शिक्षकाला उपमा आणि निष्कर्ष ह्यांच्याशिवाय झोप येत नाही. मी म्हटलं, "बघितलंस? वाईट बातमी अशी द्यावी. आधी माड, मग पडवी, मग गाय. पायरी पायरीने. त्यामुळे तिने ती कशी सोसली बघ. मालकांनी एवढी वर्षं पेपर क्रमाने वाचले, ते आज कामाला आले."

बायको भांडी पालथी घालत होती. ती म्हणाली, "तिका आदीच ठावक होता. पिशये मी सोडलंय. बापाशीक धोतर, काकाक काजी, देवाक तेल, गायीक सुद्धा गळ्यातली घाट. आवशीसाठी कायएक नव्हता. पण बापाशीक शेवटपर्यंत सांगूक दिल्यान."